खानापूरच्या रानात किडे खायची वेळ आली तर… नवख्यांसाठी मार्गदर्शक

पाऊस तोंडावर आला की बेळगावातून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच पोरांनी मोबाइलवर कुणाला तरी जिवंत अळी चावून खाताना बघितलेलं असतं. रानात शिरलं की हमखास कुणीतरी विचारतो, "आपल्याकडे यातलं काय चालतं?" चालतं, बरंच काही चालतं. पण त्या व्हिडिओत दाखवतात तसं नाही.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. जोयडा-हल्याळकडच्या सिद्दी आणि कुणबी घरांत तांबड्या मुंग्यांची चटणी होते. पहिल्या पावसात निघणारी पंखांची वाळवी भाजून खाणारे लोक उत्तर कर्नाटकात आहेत. ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या जेवणात किडे असतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं २०१३ मध्ये मांडलं होतं. नाक मुरडणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की ओढ्यातले खेकडे आपण नांग्या फोडून चोखतो आणि पिकलं उंबर आत न बघता तोंडात टाकतो.

माझं सांगणं थोडकं आहे. तीन किडे नीट ओळखायला शिका आणि बाकी सगळ्यांना लांबूनच हात जोडा. ते तीनही पोट भरलेलं असताना शिका, ओळखीच्या गावात, जाणत्या माणसाबरोबर. भुकेलेला माणूस रंग बघत नाही आणि पाय मोजत नाही. हाताला लागेल ते तोंडात घालतो. चूक तिथं होते.

१. भुकेचा नंबर शेवटचा

रानात वाट चुकली तर पहिला प्रश्न खाण्याचा नसतो. धडधाकट माणूस अन्नावाचून काही आठवडे तग धरू शकतो, पाण्यावाचून तीन-चार दिवसांपलीकडे कठीण. आणि कणकुंबीच्या पावसात भिजून रात्रभर वाऱ्यात बसलात तर तेवढेही मिळत नाहीत. तिथं थंडीच आधी गाठते. म्हणून क्रम असा: आडोसा, कोरडे कपडे, पाणी, मग जमलं तर विस्तव. खाणं त्यानंतर.

दुसरं म्हणजे जागेवर थांबा. ओढ्याच्या कडेनं खाली गेलं की गाव लागतं, हा सल्ला पठारावर ठीक. मलप्रभेच्या अंगाला उतरलात तर शेतं लागतीलही. पण पाणी म्हादईच्या, म्हणजे गोव्याच्या बाजूला जात असेल तर ओढा तुम्हाला कड्याच्या टोकावर नेऊन सोडेल. धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. रेंज मिळाली तर ११२ लावा. नाही मिळाली तर उघड्यावर, लोकांच्या नजरेला पडेल अशा जागी राहा आणि शिट्टी वाजवत राहा.

एका रात्रीपुरते अडकला असाल तर किडे शोधूच नका. उपाशी झोपा, काही बिघडत नाही. दुसरा-तिसरा दिवस उजाडला, अंगातली ताकद जायला लागली, तेव्हा पुढचं कामाला येतं. तेव्हाही हिशोब ठेवा. एक एक नाकतोडा पळून पकडण्यात जी शक्ती जाते ती त्या नाकतोड्यातून परत मिळत नाही. जिथं किडे एका जागी भरपूर असतात तिथंच हात घालण्यात अर्थ आहे, म्हणून मुंग्या आणि वाळवी वरच्या नंबरला.

२. तुमच्या अंगाला चालेल का, ते घरीच ठरवा

कोळंबी, खेकडे, तिसऱ्या खाऊन अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा आवळतो, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? मग हा लेख माहितीपुरता वाचा आणि किडे खाऊ नका. कोळंबीतलं जे प्रथिन त्रास देतं, तशाच धाटणीचं प्रथिन किड्यांतही असतं. घरातल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्यांनाही जपावं लागतं. दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ज्यांना असं काही नाही त्यांनीही पहिल्यांदा खाताना नीट शिजवलेले चार-पाचच खावेत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं. ही चाचणी फक्त ॲलर्जीसाठी. "थोडं खाऊन बघू, विषारी असेल तर कळेलच" असल्या प्रयोगासाठी नाही. काही भुंगेऱ्यांच्या बाबतीत थोडंही फार होतं.

३. कागद आणि सामान

रानाचा कायदा आधी. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. हेमाडगा, गवाळी, आमगावच्या बाजूचं बरंचसं रान त्यात येतं. पलीकडे जोयडा-दांडेलीत काळी व्याघ्र प्रकल्प आहे. अशा ठिकाणी परवानगीशिवाय शिरणं, काही तोडणं, गोळा करणं आणि विस्तव पेटवणं हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकतं. काही फुलपाखरं आणि भुंगेरेसुद्धा त्या कायद्याच्या यादीत आहेत. "मी फक्त मुंग्या घेतल्या" हे गार्डला पटवत बसावं लागेल. जीव जायची वेळ आली असेल ते वेगळं. शिकायला म्हणून अभयारण्यात जाऊ नका. त्यासाठी मालकीची काजूची बाग, आंब्याची राई, गावाजवळचा माळ पुरतो.

कागद म्हणून एवढं ठेवा:
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र. नुसता मोबाइलमधला फोटो नको, एक झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत.
- राखीव रानात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी. अर्ज बहुतेक वेळा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर गावातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या, पण न वाचता सही करू नका.
- बागमालकाची तोंडी का होईना, परवानगी. "काका, या झाडावरची मुंग्यांची दोन घरटी काढू का?" एवढं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि फवारणी कधी केली तेही त्याच बोलण्यात कळतं.
- एका चिठ्ठीवर तुमचा रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरचा नंबर.

सामान फार लागत नाही. झाकणाचा रुंद तोंडाचा स्टीलचा डबा, मांजरपाटाची एक पिशवी, छोटी लोखंडी कढई किंवा जुनं पातेलं, कोयता, लांब काठी, मीठ, दोन ठिकाणी वेगवेगळी ठेवलेली काडेपेटी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, डोक्याला टॉवेल.

कपड्यांचा आग्रह जळवांपेक्षा गोचिडांसाठी आहे. गोचीड चावून होणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५-१६ च्या सुमारास सत्तरी, दोडामार्गपर्यंत पोचला. म्हणजे आपल्या रानाच्या कुंपणाला लागून. डिसेंबर ते मे हा त्याचा जोर. पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेनं जाऊच नका आणि गावात कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, काखा आणि कानामागं बघा.

४. काय खायचं नाही, ते आधी पाठ करा

खायच्या यादीपेक्षा ही यादी महत्त्वाची, म्हणून आधी.

भडक रंग म्हणजे नको. लाल-काळा, नारिंगी-काळा, पिवळा-निळा असा अंगभर जाहिरात करत फिरणारा किडा बहुतेक वेळा खाणाऱ्याला सांगत असतो की मी कडू आहे. रुईच्या झाडावर बसलेला पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा जाडजूड टोळ तुम्ही बघितला असेल. पोरं त्याला दोरा बांधून खेळवतात. तो रुईचं विष पचवून अंगात साठवतो. दिसायला नाकतोडा, मांसल, हळू चालणारा, पकडायला सोपा. नवखा माणूस नेमका त्यालाच हात घालतो. रुईवरचं काहीही, अळी असो की टोळ, खायचं नाही. नियम एवढाच ठेवा.

दुसरा हिंगे. चवळी, भेंडी, जास्वंदीच्या फुलांवर श्रावण-भादव्यात बसणारा काळा भुंगेरा, पाठीवर नारिंगी आडवे पट्टे. दाबला तर पिवळसर रस येतो आणि कातडीला फोड उठतात. हेच विष पोटात गेलं तर आतडं आणि मूत्रपिंड पोळतं, आणि भाजून किंवा उकळून ते जाईल असं धरून चालू नका. फोड आणणारा दुसरा एक बारीक किडा पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येतो: मुंगीएवढा, सडपातळ, नारिंगी-काळा, पोट वर उचलून पळणारा. वाळवी गोळा करताना हाच परातीत पडतो, त्याच्याबद्दल पुढे.

केसाळ सुरवंट, घाण वास मारणारे ढेकण्यांसारखे किडे, गोम, वाणी (पैसा), विंचू, कोळी, काजवे, मेलेला सापडलेला कोणताही किडा, शेणावर किंवा मढ्यावर बसणारा कोणताही किडा: सगळे वगळा. यातले काही जण कुठेतरी खात असतील. तुम्ही खाऊ नका.

आणि सगळ्यात मोठा धोका किड्यात नसून फवाऱ्याच्या औषधाच्या डब्यात असतो. उसाला हुमणीसाठी जमिनीत औषध, सोयाबीन आणि बटाट्याला अळीसाठी फवारा, भाताला तुडतुड्यासाठी, काजूला मोहोर यायच्या वेळी ढेकण्यासाठी. बेळगाव, हुक्केरी, चिकोडीच्या बागायती पट्ट्यात तर शेतातला किडा खायचाच नाही. सुस्त पडलेला, पाय झाडत असलेला नाकतोडा दिसला की "अरे वा, सहज सापडला" म्हणू नका. तो फवाऱ्यातून आलेला असतो.

५. पहिला किडा: तांबड्या मुंग्या

आंबा, काजू, फणस, जांभूळ अशा झाडांवर जिवंत हिरवी पानं एकमेकांना चिकटवून केलेली, नारळाएवढी किंवा त्याहून मोठी घरटी दिसतात. जवळ जाऊन बघा: पानांच्या कडा पांढऱ्या, कागदासारख्या रेशमानं शिवलेल्या असतात. हे रेशीम मोठ्या मुंग्यांचं नाही. त्या आपल्या अळ्या तोंडात धरून पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतात आणि अळीच्या तोंडून धागा निघतो. सकाळच्या उन्हात घरटं मोठं करत असतील तर हे काम उघड्या डोळ्यांनी दिसतं. एका फांदीवर मुंग्यांची साखळी दोन पानं ओढून धरते, दुसऱ्या धावत अळ्या घेऊन येतात.

घरटं हिरवं असेल तर आत वस्ती आहे. तपकिरी, वाळलेलं घरटं बहुतेक वेळा सोडलेलं असतं, त्यासाठी चावून घेऊ नका. हिवाळा संपल्यापासून वळवापर्यंत आत पांढरी अंडी, अळ्या, कोष जास्त मिळतात, आणि खरं खाणं तेच. नुसत्या मुंग्या हजारोंनी लागतात तेव्हा मूठभर होतात.

काढायची रीत अशी:
- सकाळी लवकर जा. गारव्यात त्या संथ असतात.
- बाह्यांची, मानेची बटणं लावा. हाताला राख चोळली तर चढायला जरा कमी येतात.
- घरट्याखाली बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी. फांदी कोयत्यानं हलकेच तोडून घरटं थेट पाण्यात बुडवा आणि काठीनं दाबून धरा. फांदी खाली पडू दिलीत तर मुंग्या तुमच्या पायावरून वर येतील.
- पानं उकलून झटका. अळ्या आणि मुंग्या पाण्यावर येतात, फडक्यातून गाळून घ्या.
- एका झाडावर एका वस्तीची बरीच घरटी असतात. दोन घ्या, बाकी ठेवा. काजूवाल्याला या मुंग्या हव्या असतात, कारण त्या मोहोरावरच्या ढेकण्याला खातात. म्हणूनच आधी विचारायचं.

त्या चावतात आणि चावलेल्या जागी आंबट आम्ल सोडतात. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धुवा. तोच आंबटपणा चटणीला लागतो. माझ्या मते लिंबू पिळलेल्या सुक्या चटणीच्या ती फार जवळ जाते, आणि ज्यांना पहिला घास घेववत नाही त्यांच्यासाठी सुरुवात इथूनच करावी.

घरी करायची तर: कढई तापवून मुंग्या आणि अळ्या कोरड्याच भाजा, तडतड थांबून रंग गडद होईपर्यंत. मग संकेश्वरी मिरची, लसूण, मीठ, थोडं सुकं खोबरं घालून पाट्यावर वाटा. भाकरीबरोबर एक-दोन चमचे पुरे. रानात यातलं काही नसेल तर नुसतं भाजून मिठाबरोबर. सर्दी-खोकल्यावर ही चटणी देतात तो गावचा अनुभव आहे, त्यावर औषध म्हणून विसंबू नका.

६. दुसरा किडा: मिरगाची वाळवी

वर्षातून थोडेच दिवस मिळणारा, पण तिघांत सगळ्यात कसदार. वळीव किंवा मिरगाचा पहिला चांगला पाऊस झाला, हवा दमट आणि वारा पडलेला असला, की संध्याकाळी वारुळाच्या भोकांतून पंखांची वाळवी धूर निघावा तशी बाहेर पडते. प्रथिनाबरोबर तिच्यात चरबी भरपूर, म्हणून थकलेल्या माणसाला ती नाकतोड्यापेक्षा जास्त उपयोगी. त्याच कारणानं रिकाम्या पोटी मूठभरावर गेलात तर पोट बिघडतं.

ओळख पक्की करा, कारण याच दिवसांत मुंग्यांनाही पंख फुटतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, अंगापेक्षा बरेच लांब आणि हात लागताच गळणारे. कंबर नाही, छाती-पोट एकसंध. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीला बारीक कंबर असते, मिशा कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

वारूळ खणू नका. हे दोनदा वाचा. नागपंचमीला आपण जिथं दूध-लाह्या वाहतो तिथं बाकीच्या दिवशीही नाग असू शकतो, आणि खणून मिळणारी कामकरी वाळवी मातीनं भरलेली असते. खाण्यात काही राम नाही. दुसरं भय अस्वलाचं. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि वाळवी हे त्यांचं आवडतं खाणं. वारुळाला ताजं, खोल भगदाड, कडेला नख्यांचे ओरखडे आणि ओली माती बाहेर उडालेली दिसली, तर मागं फिरा. मोठ्यानं बोलत, आल्या वाटेनं. संध्याकाळ झाली असेल तर आणखी लवकर.

सोपी रीत उजेडाची. अंगणात एकच दिवा ठेवा, बाकीचे विझवा. दिव्याखाली मोठी परात, तीत दोन बोटं पाणी. वाळवी दिव्यावर येते, पंख झडतात, पाण्यात पडते. रानात बॅटरी आणि पावसाचा कोट पसरूनही हे जमतं. जुने लोक वारुळाभोवती घोंगडं उभं करून एकाच फटीपाशी दिवा ठेवायचे.

आता तो फोडाचा किडा. परात आत नेऊन भरपूर उजेडात बघा आणि वाळवी नसलेलं सगळं चमच्यानं काढून टाका, बोटानं नाही. नारिंगी-काळा बारीक किडा चिरडला तर हाताला उद्या फोड येतील, डोळ्याला लागला तर आणखी वाईट. घरात किंवा शेजारी नुकतंच वाळवीचं औषध मारलेलं असेल तर त्या वर्षी परात मांडूच नका.

मग कोरड्या कढईत मंद आंचेवर परता. स्वतःच्याच तेलात ती खमंग होते. सुपात पाखडलं की उरलेले पंख उडतात. मीठ, जरासं तिखट, आणि बेळगावचा माणूस असाल तर वाटीभर चिरमुरे. पुढचं सांगायला नको.

७. तिसरा किडा: नाकतोडे

तिघांतला सगळ्यात सहज दिसणारा आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुकांचा. फक्त हिरवे किंवा तपकिरी, गवतावरचे, उडी मारणारे. रंगीबेरंगी नको, फेस सोडणारा नको, रुईवरचा नको.

पाऊस ओसरल्यावर, दवाच्या दिवसांत, उजाडताना माळावर जा. अंगावर दव असेपर्यंत ते गवताच्या काडीला चिकटून बसलेले असतात, उडत नाहीत. पडीक माळ, गायरान, फवाऱ्यापासून लांब. बांधावरचे नकोत, बांधाच्या दोन्ही अंगांना औषध असतं.

पिशवीत भरून आणलेत की उकळत्या पाण्यात सोडा, पाच-दहा मिनिटं. मग साफसफाई: डोकं हळूच ओढलं की काळी आतडी बरोबर येते. पंख काढा, मागच्या दोन्ही तंगड्या तर काढाच. त्यांच्यावरचे काटे पचत नाहीत, आतड्यात अडकतात. नाकतोड्यांच्या पोटात जंत असू शकतात, दोऱ्यासारखे लांब बाहेर येतानाही दिसतात. म्हणून कच्चा नाकतोडा कधीच नाही. उकळून, साफ करून मग कढईत कुरकुरीत होईपर्यंत भाजा.

साफ केल्यावर एक नाकतोडा जेमतेम अर्धा-एक ग्रॅम भरतो. वाटीभर हवे असतील तर शंभरच्या घरात पकडावे लागतील. माळावर सकाळी दोघांनी मिळून हे जमतं. एकट्यानं, अशक्तपणात, निसरड्या उतारावर हा उद्योग करू नये.

८. ज्यांच्या नादी लागू नये

आग्या मोहोळ: पोळ्यातल्या अळ्या खातात हे खरं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या धुराचं काम करणाऱ्यांचं काम. शेकडो डंख बसले तर रानातून दवाखान्यापर्यंत पोचणं होत नाही. हुमणी: पांढरी, गुबगुबीत, व्हिडिओतल्या अळीसारखीच दिसते, आणि आपल्याकडे ती सापडते उसाच्या मुळाशी, औषधाच्या मातीत. सोडून द्या. कुजक्या लाकडातल्या अळ्या: ओळखणारा माणूस शेजारी नसेल तर नको.

९. शिजवणं आणि साठवणं

जिवंत पकडा, त्याच दिवशी शिजवा, त्याच दिवशी संपवा. मेलेला किडा मासळीसारखा लवकर बिघडतो. शिजवलेलं दमट हवेत डब्यात ठेवून उद्या खायचं नाही. काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत आणि कोमट डब्यात पुन्हा वाढतात. उन्हाळ्यात खडखडीत वाळवून ठेवता येतं, पावसात हा नाद सोडा.

पाणी उकळून प्या. ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी वर गवळीवाड्याची गुरं असतात. विस्तव पेटवायचाच तर खडकावर, भोवतालचा पाला दूर करून, आणि निघताना पाण्यानं पूर्ण विझवून. मार्च-एप्रिलमध्ये, कायद्यानं चालत असलं तरी, रानात विस्तव नकोच.

१०. खाल्ल्यावर त्रास झाला तर

पहिले दोन तास एकटे राहू नका. तोंडात खाज, अंगावर गांधी, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, आवाज बसणं, श्वास लागणं, चक्कर: यातलं काहीही दिसलं तर खाणं थांबवा आणि लगेच निघा. सूज किंवा दम लागला तर "बघू जरा वेळ" नको. १०८ लावा आणि रुग्णवाहिकेला गाठायला मोठ्या रस्त्याला या. आतल्या वाडीत ती पोचायला वेळ लागतो. गावातली जीप मिळाली तर तिनंच निघा, खानापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत नाहीतर थेट बेळगावला.

तोंड-घसा पोळल्यासारखा झाला, लघवीला जळजळ किंवा रक्त दिसलं तर भुंगेऱ्याचं विष धरून चला. उलटी मुद्दाम काढू नका, दूध-तूप पाजू नका. तेलात विरघळणारं हे विष तुपानं उलट अंगात लवकर भिनू शकतं. काय खाल्लं त्याचा एखादा नमुना डब्यात घालून डॉक्टरांकडे न्या. लाज वाटून "बाहेरचं खाल्लं होतं" असं मोघम सांगणारे असतात. तसं करू नका, किड्याचं नाव येत नसेल तर नमुना दाखवा आणि कुठल्या झाडावरून घेतला ते सांगा.

आठ-दहा दिवसांत ताप आला, डोकं आणि अंग ठणकायला लागलं, तर त्याचा किड्यांच्या जेवणाशी संबंध नसेल, पण रानाशी असू शकतो. रानात जाऊन आलोय आणि गोचीड चावली होती का, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा.